उसनी रात्र, उसनी खोली

कुलाब्यातला आर्थर बंदर रोड तसा अरुंद. अत्तराची दुकाने, आखाती देशांतून येणाऱ्या पाहुण्यांसाठीची छोटी हॉटेले आणि टोकाला समुद्र. याच रस्त्यावर स्लिप डिस्क नावाचा डिस्को होता. १९७२ साली लेड झेपेलिनचे रॉबर्ट प्लांट आणि जिमी पेज तिथे एका रात्री अचानक गायले-वाजवले, आणि मुंबईचे जुने रॉकवेडे अजून ती रात्र सांगतात. त्याच रस्त्यावरच्या वूडू नावाच्या पबच्या शनिवारच्या रात्रींबद्दल मात्र त्या काळात कुणी मोठ्याने बोलत नसे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे मुंबईतले समलिंगी पुरुष शनिवारी रात्री तिथे जमत. आठवड्यातले बाकीचे दिवस तो इतर पबांसारखाच एक पब. दारावर पाटी नाही, कुठे जाहिरात नाही. परदेशी पर्यटकांच्या मार्गदर्शक पुस्तकांत एखादी ओळ असे. बाकी सगळे एकाने दुसऱ्याच्या कानात सांगितलेले.

आत फार काही नव्हते. अंधार, मोठ्या आवाजात गाणी, थोडी नाचायची जागा, बाटलीतली बिअर. आठवडाभर बँकेत, कॉलेजात, वर्कशॉपमध्ये, नाहीतर घरच्या लग्नाच्या बोलण्यांत स्वतःला आवरून बसलेला माणूस इथे तीन-चार तास दुसऱ्या पुरुषाच्या खांद्यावर हात टाकून उभा राहू शकत होता, आणि कुणी वळून पाहत नव्हते. ज्यांनी आयुष्यात एकदाही असे आवरून घेतलेले नाही, त्यांना या तीन-चार तासांची किंमत कळणे अवघड आहे. लोक तिथे पिण्यासाठी जात नव्हते. पेला हातात असला की उभे राहायला निमित्त मिळते, एवढाच त्या पेल्याचा उपयोग.

वूडूला ‘मुंबईचा गे बार’ म्हणण्याची पद्धत पडली, पण ते पूर्ण खरे नाही. पब एका मालकाचा होता आणि समलिंगी माणसे तिथे एका रात्रीपुरती पाहुणी होती. महाराष्ट्रातल्या समलिंगी माणसांच्या एकत्र येण्याचा सगळाच इतिहास असा उसन्या जागांचा आहे. कुणाची रात्र उसनी, कुणाचे घर उसने, कुणाच्या मासिकाची दोन पाने उसनी.

न्यूयॉर्कमध्येही सुरुवात फार वेगळी नव्हती. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ साली उठली आणि राज्यांनी मद्य परवान्यासाठी आपापली खाती उभी केली. न्यूयॉर्कच्या खात्याचा रोख असा, की समलिंगी गिऱ्हाइके बसू दिली तर ती जागा ‘बेशिस्त’ ठरते आणि परवाना जाऊ शकतो. म्हणून २१ एप्रिल १९६६ रोजी मॅटाशीन सोसायटी या संघटनेचे तरुण पत्रकारांना बरोबर घेऊन एकामागून एक बारमध्ये गेले, आम्ही समलिंगी आहोत असे सांगितले आणि दारू मागितली. ज्युलियस नावाच्या बारमध्ये बारवाल्याने पेल्यावर हात ठेवला. त्या क्षणाचे छायाचित्र आज इतिहासाच्या पुस्तकांत आहे. कायदेशीर धंदेवाले जिथे हात आखडत होते तिथे माफियाने हात घातला. ग्रिनिच व्हिलेजमधले स्टोनवॉल इन हे त्यांचेच. बारच्या मागे पाण्याचा नळसुद्धा नव्हता, पेले एका टबात बुचकळून पुन्हा वापरत, आणि पोलिसांचा हप्ता ठरलेला. २८ जून १९६९ च्या पहाटे तिथे धाड पडली तेव्हा गिऱ्हाइके पळाली नाहीत, रस्त्यावर उभी राहिली, आणि पुढच्या कित्येक रात्री ती गल्ली शांत झाली नाही. २०१६ साली अमेरिकेने त्या जागेला राष्ट्रीय स्मारक केले. इतक्या गलिच्छ बारसाठी माणसे लढली, कारण त्यांना दुसरे काही दिलेलेच नव्हते.

मुंबईची अडचण दुहेरी होती. इथे दारूच बंद. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा. त्यानंतरची जवळजवळ दोन दशके मुंबईत उघडपणे बसून पिण्याची जागा जवळपास उरली नव्हती. प्रकृतीच्या कारणासाठीचा परवाना किंवा मग वांद्रे-माझगावच्या ‘आंटी’कडची हातभट्टी. साठच्या दशकात बंधने सैल होत गेली आणि सत्तरच्या दशकात बार उघडू लागले, तरी ‘परमिट रूम’ हा शब्द पाट्यांवर राहिलाच. परमिट रूम म्हणजे बंद दार, काळ्या काचा, आणि ओळखीचे कुणी दिसू नये म्हणून खाली घातलेली मान. तिथे सामान्य पुरुषही चोरून बसे. अशा ठिकाणी आणखी एक गुपित घेऊन जाणाऱ्याने कुणाशी बोलायचे?

दुसरी अडचण कलम ३७७ ची. मेकॉलेच्या आयोगाच्या मसुद्यावरून १८६० साली भारतीय दंड संहिता झाली, १८६२ पासून लागू झाली, आणि तिच्यातल्या या कलमात जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होती. कलम कृत्याला शिक्षा देणारे होते. एकत्र बसण्याला नाही. पण त्याचा धाक एकत्र बसण्यालाच जास्त बसला. मुंबई पोलीस कायद्यातल्या कलम ११० खाली सार्वजनिक ठिकाणच्या ‘असभ्य वर्तना’साठी कुणालाही धरता येई. खटला क्वचित उभा राही. घड्याळ, पाकीट आणि ‘घरी सांगू का?’ हा प्रश्न एवढ्यावर बहुतेक प्रकरणे मिटत. त्यामुळे भेटण्याच्या जागा अशाच राहिल्या, की जिथून पटकन निघून जाता येईल. बागेतले बाक, समुद्राकाठचा कठडा, स्टेशनची मुतारी, लोकलचा एखादा ठरलेला डबा. तिथे ओळख होई, पण गप्पा होत नसत. नाव विचारले तर माणूस खोटे सांगे.

गप्पांची पहिली जागा कागदावर तयार झाली, आणि ती मराठीत झाली.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. संततिनियमनासाठी ते ओळखले जाते, पण त्यातले वाचकांच्या प्रश्नांचे सदर मला त्याहून मोठे वाटते. गावोगावचे वाचक जे आईबापाला, वैद्याला, मित्राला विचारू शकत नव्हते ते कर्व्यांना विचारत. त्यात हस्तमैथुनाबद्दलचे प्रश्न होते, तसे समलिंगी संबंधांबद्दलचेही. कर्वे सरळ उत्तर देत. पाप नाही, रोग नाही, घाबरू नका, अशा सुराचे. १९३४ साली या प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मासिकाचा विषयच लैंगिक आरोग्य असेल तर वाचक त्याबद्दलच विचारणार, आणि चुकीच्या समजुती घालवायच्या तर उत्तर देण्यावाचून मार्ग काय, असा त्यांचा रोख होता. समलिंगी प्रवृत्तीबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचा आधार दिला. निकाल विरुद्ध गेला, कर्व्यांना दंड झाला. त्यांनी मासिक बंद केले नाही. १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले.

त्या खटल्यानंतर सोळा वर्षांनी, १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे केले. तिथल्या नागसेनवनात शिकलेल्या हजारो मुलांना बाबासाहेबांचे चवदार तळे ठाऊक आहे, राज्यघटना ठाऊक आहे. १९३४ साली त्या कोर्टात उभा राहिलेला वकील मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. तो ठाऊक व्हायला हवा, एवढे मला इथे सांगायचे आहे.

कर्व्यांनंतर मराठीतली ती खिडकी जवळजवळ मिटली. १९८१ साली विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडींनी त्यातली मुलींवर प्रेम करणारी सुमित्रा उभी केली. पण नाटक पाहून प्रेक्षक घरी जातो. ज्याला सुमित्राशी बोलायचे आहे त्याने जायचे कुठे, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर पुन्हा कागदातूनच निघाले. १९८६ साली पत्रकार अशोक राव कवी यांनी ‘सॅव्ही’ या इंग्रजी मासिकात आपण समलिंगी आहोत हे नावानिशी सांगितले. चार वर्षांनी, १९९० मध्ये, त्यांनी मित्रांच्या मदतीने ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले. सुरुवातीला ती मोजक्या पानांची वार्तापत्रिका होती. लेख होते, आरोग्याची माहिती होती, पण वाचक आधी उघडत ते पत्रांचे आणि ओळखीच्या जाहिरातींचे पान. जिथे आपल्यासारखे आणखी कुणी आहे हेच माहीत नाही, तिथे दुसऱ्या गावातल्या अनोळखी माणसाने लिहिलेली चार ओळींची जाहिरात म्हणजे पुरावा असतो. मासिक पोस्टाने मागवायचे तर पत्ता कुणाचा द्यायचा, घरात कुणी पाकीट फोडले तर काय, हे प्रश्न त्या पिढीतल्या प्रत्येकाला पडलेले.

पत्रे येऊ लागली तसे ध्यानात आले, की या माणसांना भेटायचे आहे, आणि त्यांच्यातले अनेक आजारी पडत आहेत. एड्सची साथ तेव्हा मुंबईत वाढत होती. १९९४ साली हमसफर ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी मुंबई महापालिकेने त्याला सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्यात, नेहरू रोडवरच्या आपल्या जुन्या इमारतीत जागा दिली.

ही घटना जरा थांबून पाहण्यासारखी आहे. कलम ३७७ पुस्तकात होते. पोलीस बागेतून माणसे उचलत होते. आणि त्याच शहराची महापालिका समलिंगी माणसांच्या संस्थेला सरकारी इमारतीत खोली देत होती. यात कुणाचे मनपरिवर्तन झाले होते असे नाही. साथ आटोक्यात आणायची तर ज्यांच्यापर्यंत पोचायचे ती माणसे कुठेतरी सापडली पाहिजेत, आणि दडून राहिलेली माणसे सापडत नाहीत, हा आरोग्य खात्याचा हिशेब. अमेरिकेत समलिंगी माणसांना पहिले छप्पर बारने दिले. इथे ते आरोग्याच्या काळजीने दिले. या एका फरकाने पुढचे बरेच काही ठरवले.

वाकोल्याच्या त्या इमारतीत शुक्रवारी संध्याकाळी सभा भरत. कार्यशाळा म्हणत त्याला. तिकीट नव्हते, कपड्यांची अट नव्हती, इंग्रजी येण्याची गरज नव्हती. लोकलने यायचे, सांताक्रूझला उतरायचे, बस किंवा रिक्षा, नाहीतर चालत. कंडोमचा उपयोग, एचआयव्हीची तपासणी, पोलिसांनी पकडले तर काय करायचे, घरच्यांनी लग्न ठरवले तर काय सांगायचे, असे विषय असत. विषय संपल्यावर चहा आणि खरी बैठक. कारकून, हमाल, विद्यार्थी, साडी नेसून आलेले, मुलाबाळांचे बाप. इथे पहिल्यांदा खरे नाव सांगितलेले अनेक जण होते. वूडूच्या आठवणी जास्त लिहिल्या गेल्या, कारण तिथे जाणारे लिहिणारे होते. माझ्या लेखी महाराष्ट्राचा खरा ‘बार’ वाकोल्यातली ती शुक्रवारची खोली आहे. तिथे दारूचा थेंब नव्हता, पण स्टोनवॉलने न्यूयॉर्कला जे दिले ते बरेचसे तिने इथे दिले. आपण एकटे नाही हे तिथे डोळ्यांनी दिसत होते.

जागा मिळाली म्हणजे भीती संपली असे नाही. डिसेंबर १९९४ मध्ये दक्षिण आशियातल्या समलिंगी पुरुषांची परिषद जुहूच्या एसएनडीटी विद्यापीठाच्या आवारात भरणार होती, तर एका राष्ट्रीय महिला संघटनेच्या ज्येष्ठ नेत्यांनी ती थांबवावी म्हणून थेट पंतप्रधानांना लिहिले. परिषद झाली. जुलै २००१ मध्ये लखनौला याहून वाईट घडले. एड्सविरोधी काम करणाऱ्या दोन संस्थांच्या कार्यालयांवर पोलिसांनी धाड घातली आणि चार कार्यकर्त्यांना ३७७ खाली सत्तेचाळीस दिवस तुरुंगात ठेवले. त्यांचा गुन्हा माहितीपत्रके वाटण्याचा. ही बातमी वाचताना वाकोल्याच्या खोलीत बसलेल्यांना काय वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको.

वूडूकडे परत येतो, कारण तिथल्या दाराबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दारातून आत जायला प्रवेशशुल्क लागे, रात्री उशिरा परतायला टॅक्सीचे पैसे लागत, आणि आत मिसळायला एक प्रकारची भाषा लागे. आर. राज राव यांची ‘द बॉयफ्रेंड’ ही इंग्रजी कादंबरी २००३ साली आली. पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या राव यांनी तिच्यात मुंबईतला मध्यमवयीन उच्चवर्णीय पत्रकार आणि दलित तरुण मिलिंद यांचे नाते रंगवले, आणि चर्चगेट स्टेशनपासून गे डिस्कोपर्यंतची मुंबई दाखवली. दोघांना एकमेकांची ओढ आहे, पण जात आणि पैसा त्यांच्या मधून हलत नाही. ‘आम्ही सगळे एक’ ही भावना नाचताना खरी असते. बिल आले की खरी राहत नाही. हा दोष एकट्या वूडूचा नव्हता. जगातल्या सगळ्या बारना एक दार असते, आणि दार म्हटले की त्यापाशी थांबवलेले कुणीतरी असतेच.

बायका तर त्या दारापर्यंतही पोचत नव्हत्या. मध्यरात्री पबमधून घरी जाणे ही पुरुषाची चैन होती. मुंबईतल्या मुलींवर प्रेम करणाऱ्या मुलींनी १९९५ साली ‘स्त्री संगम’ हा गट केला. त्यांच्या बैठका कुणाच्या तरी घरी भरत, पत्रव्यवहार एका टपालपेटीवर चाले. पुढे हाच गट ‘लेबिया’ या नावाने ओळखला गेला. डिसेंबर १९९८ मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमावरचा दीपा मेहतांचा ‘फायर’ हा सिनेमा जिथे लागला होता त्या मुंबईतल्या चित्रपटगृहांत मोडतोड झाली. ‘अशा बायका आपल्याकडे नसतातच’ असे म्हणणाऱ्यांसमोर मग या बायका रस्त्यावर दिसल्या. दिवाणखान्यात तीन वर्षे बसून झालेले बोलणे त्या दिवशी कामाला आले. या घरगुती बैठकांचे फोटो नाहीत, त्यामुळे गे बारच्या कुठल्याही इतिहासात त्या येत नाहीत. पण जमण्याच्या जागा म्हणून त्या वूडूपेक्षा जास्त टिकाऊ ठरल्या.

१९९८ साली ‘गे बॉम्बे’ हा गट सुरू झाला आणि उसन्या रात्रींना जरा शिस्त आली. इंटरनेटवरच्या पत्रव्यवहारातून ओळखी, मग रविवारची बैठक, कधी सिनेमा, कधी डोंगरावर भटकंती, आईबापांची वेगळी सभा, आणि महिन्यातून पार्टी. पार्टीचे गणित सोपे होते. पबला ज्या दिवशी गिऱ्हाईक नसते तो दिवस मागायचा, इतकी माणसे येतील याची हमी द्यायची, आणि दारावर आपली माणसे बसवायची. नियम कडक असत, कारण एक तक्रार झाली तर मालक पुन्हा दार उघडणार नाही. आयत्या वेळी जागा रद्द होई, मग नवी शोधायची. अशा किती पबांनी आपल्या मंदीच्या रात्री विकल्या आणि पुढे ते नाकारले, कोण जाणे. परमेश शहाणी यांनी २००८ साली या गटावर पूर्ण पुस्तक लिहिले म्हणून निदान त्यातले काही नोंदले गेले.

आता आमच्या शहराकडे. छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचे औरंगाबाद, मुंबईपासून रेल्वेने पावणेचारशे किलोमीटर. नव्वदच्या सुरुवातीपर्यंत मनमाडला गाडी बदलावी लागे. मग रूळ रुंद झाले आणि रात्री देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसले की सकाळी मुंबई. मराठवाड्यातल्या ज्या तरुणाला आपल्याबद्दल काही कळून चुकले होते, त्याच्यासाठी ही गाडी नुसती गाडी नव्हती. परीक्षा, मुलाखत, मावशीकडे जाणे, काहीही कारण सांगून निघता येई. वाकोल्याची शुक्रवारची सभा गाठायची तर गुरुवारी रात्री बसायचे.

आमचे शहर बिअरचे आहे. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांतून राज्यभर बाटल्या जातात. २०१६ च्या दुष्काळात मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दिला, तेव्हा हा उद्योग इथे केवढा मोठा आहे ते साऱ्या देशाला कळले. बिअर इथून निघून कुलाब्याला जात होती, आणि तिच्याभोवती जमावेसे वाटणारी माणसेही इथून निघून तिकडेच जात होती. इथल्या परमिट रूममध्ये बसलेला प्रत्येक जण दुसऱ्याच्या काकाला ओळखतो. मुंबईची गर्दी निनावी ठेवते. मराठवाड्यातल्या शहरात ती सोय नाही. म्हणून इथे बारने काही साधले नसते, हे मला पुरते पटलेले आहे.

आणि तरी याच शहरात अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी हा विषय उघड बोलला गेला होता. सिराज औरंगाबादी, जन्म १७१५ च्या सुमाराचा, मृत्यू १७६३, दखनी-उर्दूतला मोठा सूफी कवी. तरुणपणी त्याच्यावर सात वर्षे उन्मादाची अवस्था आली आणि तो खुलताबादच्या बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याभोवती भटकत राहिला. पुढे शहरात त्याच्या गझला गायल्या जाऊ लागल्या, चाहते गोळा झाले. ‘बोस्तान-ए-ख़याल’ या त्याच्या मसनवीत एका तरुणावर जडलेल्या प्रेमाची आणि विरहाची कहाणी आहे. रूथ वनिता आणि सलीम किदवई यांनी २००० साली भारतातल्या समलिंगी प्रेमाच्या साहित्याचा संग्रह केला, त्यात तिचा समावेश आहे. सिराजला आजची लेबले लावू नयेत. सूफी काव्यात प्रियकर हा परमेश्वरही असतो, आणि त्या काळच्या माणसांना आपली ओळख अशा शब्दांत सांगायची गरज नव्हती. पण ‘ही थेरं परदेशातून आली’ असे जेव्हा कुणी या शहरात म्हणतो, तेव्हा सिराजची कबर याच शहरात आहे हे त्याला सांगायला हवे. दर्ग्याचे अंगण, कव्वालीची रात्र, मुशायरा, इथे एका पुरुषाने दुसऱ्यासाठी रडणे हे रसिकांनी ऐकले, दाद दिली, पाठ केले. ब्रिटिशांचे कलम त्यानंतर शंभर वर्षांनी आले.

मराठवाड्यासाठी मुंबईपेक्षा पुणे पुढे अधिक जवळचे झाले. २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला. फोनवरची मदत, समुपदेशन, आणि सगळ्यांत मोलाचे म्हणजे मराठी पुस्तके. रोजनिशीच्या रूपातली त्यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी तालुक्याच्या गावातल्या मुलालाही वाचता येईल अशा भाषेत आहे. कर्व्यांचे सदर बंद पडल्यावर पन्नास वर्षांनी मराठी वाचकाला पुन्हा मराठीत उत्तर देणारा माणूस भेटला. ११ डिसेंबर २०११ ला पुण्यात पहिली अभिमान पदयात्रा निघाली. मुंबईत ती त्याआधी, १६ ऑगस्ट २००८ ला ऑगस्ट क्रांती मैदानातून निघाली होती, आणि २०१६ साली नागपूरनेही काढली. दिवसाउजेडी रस्त्यावर जमणे हे रात्री पबमध्ये जमण्याहून वेगळे. पदयात्रेत सुरुवातीला कित्येक चेहरे मुखवट्यांमागे होते. मुखवटा घातलेला माणूसही त्या दिवशी मोजला गेला, हे महत्त्वाचे.

कायद्याची वाट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७ ची धार काढली, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती परत लावली, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्याच्या यादीतून कायमचे बाहेर काढले. या शेवटच्या निकालामागच्या याचिकांपैकी एक ललित हॉटेल समूहाच्या केशव सुरी यांची होती. त्यांच्या हॉटेलांतल्या ‘किट्टी सू’ या क्लबात ड्रॅगचे कार्यक्रम निकालाआधीच जाहीर फलक लावून होत होते. वूडू तोवर मागे पडला होता. रात्र आता उसनी नव्हती; ती पंचतारांकित झाली होती. ज्यांना परवडते त्यांना ती लखलाभ, आणि हे मी मनापासून म्हणतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात ३७७ उरलेच नाही. त्याबरोबर पुरुषांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध असलेले एकमेव कलमही गेले. ती फार गंभीर उणीव आहे आणि तिच्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही.

दरम्यान जगभरचे गे बार बंद पडत आहेत. लंडनमधल्या अशा जागा २००६ नंतरच्या दशकात निम्म्याहून कमी झाल्या. जागांची भाडी वाढली, आणि फोनवरच्या अ‍ॅपने ओळखीचे काम घेतले. आपल्याकडे बार आलाच नव्हता अशा गावांत अ‍ॅप थेट पोचले. पैठण, जालना, बीड, सगळीकडे. आता मुलाला देवगिरी एक्स्प्रेसची गरज नाही. चार किलोमीटरवर कोण आहे हे हातातल्या पडद्यावर दिसते. पण पडद्यावरचा माणूस खरा की लुटायला बसलेला, हे कळत नाही. अ‍ॅपवरून बोलावून मारहाण, चित्रीकरण आणि खंडणी, अशा बातम्या देशभरातून येतात, आणि तक्रार द्यायची तर पोलीस ठाण्यात आधी स्वतःबद्दल सांगावे लागते. बारमध्ये निदान दहा माणसे आजूबाजूला असत. वाकोल्याच्या खोलीत तर कोण कसा आहे हे आधीपासून येणारे कानात सांगत.

त्यामुळे आमच्या शहरासारख्या ठिकाणी बार हवा की नको हा वाद मला गैरलागू वाटतो. हवी आहे ती खोली. मुंबई महापालिकेने १९९५ साली, कायदा विरोधात असताना, ती दिली. आज कायद्याची अडचण नाही. आमच्या महापालिकेच्या ताब्यात संत एकनाथ रंगमंदिर आहे, संत तुकाराम नाट्यगृह आहे, प्रभागांत सभागृहे आणि आरोग्य केंद्रे आहेत, आणि संध्याकाळी सहानंतर त्यांतल्या बऱ्याच खोल्या कुलूपबंद असतात. आठवड्यातून एक संध्याकाळ, तीन तास, एक समुपदेशक आणि चहा. वैजापूरच्या, सिल्लोडच्या मुलाला एसटीने येऊन रात्री परत जाता येईल अशी वेळ ठेवावी, आणि मुलींसाठी वेगळा वार.